बालकांची आई : डॉ. मारिया माँटेसरी



ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत आपल्या ख्रिस्तमंदिराच्या बांधणीची, पूर्वीच्या धर्मगुरूंची आणि उदार देणगीदारांची हकीकत इतर लेखकांनीं दिलीच आहे. आम्हांस मात्र अशा मंडळीविषयीं चार शब्द लिहावेसे वाटले, कीं जी या मंदिरांत दरवर्षीं आली, परंतु जिचें नांव येथल्या कोणत्याही शिलेवर कोरलेलें नाहीं. ही मंडळी म्हणजे ज्ञानस्नानाच्या कुंडापाशीं धर्ममातेच्या हातांवर आलेलीं तान्हीं बाळें होत. आम्ही त्यांच्या मस्तकावर पाणी ओततों, नोंदवहींत नांव लिहितों, आणि मग तीं सहा-सात वर्षांचीं होऊन धर्मशिक्षणाच्या वर्गांत येऊन बसेपर्यंत त्यांची फारशी आठवण ठेवीत नाहीं. मधल्या वर्षांत त्यांच्या मनांत कांहीं घडत असेल, ही गोष्ट आमच्यासारख्या सेमिनरींत तत्त्वज्ञान शिकून आलेल्या माणसाच्याही पुष्कळ वर्षें ध्यानांत आली नव्हती. मूल अजून अजाण आहे, त्याला काय कळतें, हें बोलणें आम्हीं हजार वेळां ऐकलें आणि शंभर वेळां स्वतःही बोलून दाखविलें.

हें बोलणें खोटें आहे, असें ज्यांनीं आयुष्यभराच्या निरीक्षणानें सिद्ध केलें, त्यांत इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांच्या नांवाच्या शाळा आज आपल्याकडे गांवोगांवीं आहेत; तथापि या बाईंचें चरित्र फार थोड्यांना ठाऊक असतें, आणि त्या चरित्रांतील जो भाग सर्वांत दुःखाचा, तो पुष्कळदां झांकूनच ठेवला जातो. आम्ही तो झांकणार नाहीं. कारण त्यावांचून या बाईंच्या शिकवणुकीचें खरें मोल कळत नाहीं, असें आमचें मत झालें आहे.

मारियांचा जन्म १८७० सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ३१ तारखेस, इटलींतील आंकोना शहराजवळच्या क्यारावाल्ले या गांवीं झाला. वडील आलेस्सांद्रो हे सरकारी खात्यांत अंमलदार होते. आई रेनिल्दे ही वाचनाची गोडी असलेली सुशिक्षित स्त्री होती. मारिया ही त्यांची एकुलती एक मुलगी. १८७५ सालीं हें कुटुंब रोम येथें राहावयास आलें. मुलीनें शिक्षिका व्हावें, अशी वडिलांची इच्छा होती. कारण त्या काळीं शिकलेल्या मुलीला दुसरी वाटच नव्हती. मारियांना मात्र गणिताची आवड. तेराव्या वर्षीं त्या तांत्रिक शाळेंत गेल्या, इंजिनिअर होण्याचा बेत त्यांनीं मनांत धरला, आणि पुढें तोही सोडून डॉक्टर होण्याचा हट्ट घेतला. वडिलांना तें रुचलें नाहीं. आईनें मात्र पाठ राखली. १८९० सालीं मारियांनीं रोमच्या विद्यापीठांत पाऊल टाकलें, आधीं सृष्टिविज्ञानाचा अभ्यास पुरा केला आणि मग वैद्यकाच्या वर्गांत प्रवेश मिळविला. पुरुष विद्यार्थ्यांच्या समवेत शवविच्छेदन करणें हें स्त्रीला अशोभनीय मानीत. म्हणून सर्व विद्यार्थी निघून गेल्यावर त्या विच्छेदनगृहांत ही तरुणी एकटीच प्रेतांच्या सोबतीनें अभ्यास करीत बसे. १८९६ सालच्या जुलै महिन्यांत त्यांस पदवी मिळाली. इटलींत ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या कांहीं स्त्रियांपैकीं त्या एक होत.

पदवीनंतर रोमच्या विद्यापीठाच्या मनोविकार-चिकित्सालयांत त्यांस काम मिळालें. त्या कामासाठीं त्यांना वेड्यांच्या इस्पितळांत जावें लागे. तेथें मंदबुद्धि म्हणून टाकून दिलेलीं लहान मुलें मोठ्या रोग्यांबरोबरच कोंडलेलीं असत. एके ठिकाणीं जेवण झाल्यावर हीं मुलें जमिनीवर पडून भाकरीचे कण वेंचीत होतीं, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी बाई त्यांच्या या खादाडपणाची किळस करीत होती, अशी गोष्ट सांगतात. मारियांनीं खोलीभर नजर फिरविली. चार भिंतींखेरीज तेथें कांहीं नव्हतें. हातांत धरावयास एक वस्तु म्हणून नव्हती. मुलांना भूक होती ती भाकरीची नव्हे. आपल्या बोटांना आणि मनाला कांहीं काम मिळावें, याची होती. मग इतार व सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांनीं अशाच मुलांविषयीं पूर्वीं लिहिलेले ग्रंथ मारियांनीं मिळवून वाचले, लांकडाचीं व कापडाचीं साधनें करविलीं, आणि १९०० सालीं रोममध्यें अशा मुलांसाठीं निघालेल्या शाळेच्या चालकत्वाचा भार उचलला. त्यांतील कांहीं मुलें लिहावयास-वाचावयास शिकून साधारण मुलांच्या परीक्षेंतही उतरलीं. लोकांनीं आश्चर्य केलें. मारियांना निराळेंच आश्चर्य वाटलें. धडधाकट मुलांच्या शाळांत असें काय घडत असावें, कीं त्यांची बुद्धि या दुबळ्या मुलांच्या बरोबरीनेंच राहावी, असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला.

येथपर्यंतची कथा पुष्कळांनीं वाचली असेल. आतां जें सांगावयाचें, तें आम्ही कोणाचा न्याय करण्यासाठीं सांगत नाहीं.

त्याच चिकित्सालयांत जुझेप्पे मोंतेसानो नांवाचे एक तरुण डॉक्टर मारियांचे सहकारी होते. दोघांचा स्नेह जडला, आणि १८९८ सालच्या मार्च महिन्याच्या ३१ तारखेस मारियांच्या पोटीं एक मुलगा जन्मास आला. त्याचें नांव मारियो. दोघांचा विवाह झाला नाहीं. त्यामागचीं कारणें चरित्रकार निरनिराळीं सांगतात. अविवाहित मातेला त्या समाजांत जागा नव्हती. डॉक्टर म्हणून मान मिळविलेल्या स्त्रीला तर मुळींच नव्हती. बाळाला रोमजवळच्या एका खेडेगांवीं दाईच्या घरीं ठेवण्यांत आलें, आणि तें कोणाचें, हें जगापासून लपविण्यांत आलें. मोंतेसानो यांनीं १९०१ सालीं दुसऱ्या स्त्रीशीं विवाह केला. त्याच वर्षीं मारियांनीं ती शाळा सोडली. त्या अधूनमधून त्या खेडेगांवीं जात, मुलाला डोळे भरून पाहत, आणि परत येत. आपल्याला भेटावयास येणारी ही सुंदर बाई कोण, हें त्या मुलाला कोणी सांगितलें नव्हतें.

वाचकहो, मूल पहिल्या तीन वर्षांत जें मिळवितें, तें पुढें कोणत्याही विद्यापीठांत मिळत नाहीं, असें ज्या स्त्रीनें पुढें साऱ्या जगाला शिकविलें, तिच्या स्वतःच्या मुलाचीं तींच वर्षें तिच्या डोळ्यांआड गेलीं. पहिलें हंसूं, पहिला शब्द, पहिलें पाऊल, हें सारें दुसऱ्याच बाईच्या अंगणांत झालें. पुढचें सर्व चरित्र वाचतांना ही गोष्ट ध्यानांत असूं द्यावी.

शाळा सोडल्यावर मारिया पुन्हा विद्यार्थिनी झाल्या, आणि तत्त्वज्ञान, मानसशास्त्र व मानववंशशास्त्र यांचा अभ्यास करूं लागल्या. तशांत १९०६ च्या सुमारास एक अनपेक्षित बोलावणें आलें. रोमच्या सान लोरेंत्सो या दरिद्री वस्तींत एका बांधकाम मंडळीनें मोडक्या इमारती दुरुस्त करून मजुरांच्या कुटुंबांना राहावयास दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागें राहिलेलीं लहान मुलें जिन्यांत धुडगूस घालीत, भिंती खराब करीत. त्यांना सांभाळण्यासाठीं एखादी खोली उघडावी, असें त्या मंडळीच्या चालकांना वाटलें. १९०७ सालच्या जानेवारीच्या ६ तारखेस, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, ही खोली उघडली. त्या दिवसाच्या मिस्सेंतील वाचनांत अंधारांतील जगावर प्रकाश उगवल्याचें जें वर्णन येतें, तें मारियांना त्या वेळीं आठवलें, आणि पुढें तो योग त्यांनीं आवर्जून सांगितला. सुमारें पन्नास मुलें जमलीं होतीं. वय दोन-तीनपासून सहापर्यंत. बावरलेलीं, रडवीं, एकमेकांचा हात न सोडणारीं. या खोलीलाच पुढें मुलांचें घर हें नांव पडलें.

मारियांनीं तेथें प्रथम शिकविलें नाहीं, त्यांनीं पाहिलें. तीन वर्षांची एक मुलगी लांकडी ठोकळ्यांतील लहानमोठ्या भोंकांत त्या त्या मापाचे दांडे बसवीत होती. बसवून झाले, कीं ती ते काढी आणि पुन्हा बसवी. मारियांनीं इतर मुलांना गाणें म्हणावयास लाविलें, तरी हिचें लक्ष ढळलें नाहीं. खुर्चीसकट उचलून तिला मेजावर ठेवली, तरी तिनें ठोकळा मांडीवर घेऊन आपलें काम चालूंच ठेविलें. चाळिसांहून अधिक वेळां तें काम करून ती थांबली, आणि गाढ झोंपेंतून ताजी होऊन उठावी तशी प्रसन्न मुद्रेनें इकडे तिकडे पाहूं लागली. लहान मुलाचें मन क्षणभरही स्थिर राहत नाहीं, अशी जी सर्वांची समजूत होती, ती त्या मुलीनें न बोलतां खोटी पाडली.

दुसऱ्या एका दिवशीं मारियांना अंगणांत एक बाई आपलें चार महिन्यांचें बाळ घेऊन उभी असलेली दिसली. तें बाळ कपड्यांत घट्ट गुंडाळलेलें आणि अगदीं शांत होतें. मारियांनीं त्याला हातांवर घेऊन वर्गांत नेलें, आणि या बाळाइतकें शांत तुमच्यापैकीं कोणास राहतां येईल, असें मुलांना थट्टेनें विचारलें. मुलांनीं थट्टा मानली नाहीं. तीं श्वाससुद्धां जपून घेऊं लागलीं, आणि खोलींत अशी शांतता पसरली, कीं घड्याळाची टिकटिक स्पष्ट ऐकूं येऊं लागली. त्या दिवसापासून मौनाचा पाठ ही त्यांच्या शाळांची एक रीत झाली. मुलांना गप्प बसविण्यासाठीं आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गांत किती वेळां छडी आपटली असेल! आणि येथें एका तान्ह्या गुरूनें तें काम क्षणांत केलें.

अशीच आणखी एक हकीकत आहे. १९०८ सालच्या डिसेंबरच्या २८ तारखेस सिसिलींतील मेसिना शहर भूकंपानें उद्ध्वस्त झालें. मृतांची संख्या हजारांनीं मोजावी लागली. जीं पोरकीं मुलें मागें राहिलीं, त्यांतील कांहींना रोमच्या जुस्ती रस्त्यावरील फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या धर्मभगिनींच्या मठांत आणण्यांत आलें. या धर्मभगिनींचा संघ १८७७ सालीं आपल्याच देशांत, उटकमंड येथें, स्थापन झाला होता, हें येथें सांगितलें पाहिजे. हीं मुलें बोलत नव्हतीं, खात नव्हतीं, झोंपेंत किंचाळून उठत. कित्येकांना स्वतःचें नांवही सांगतां येईना. त्यांच्यासाठीं लहान मेजें, लहान खुर्च्या, फुलें, स्वच्छ ताटें अशी मांडणी झाली. हाताला काम मिळालें. धर्मभगिनींनीं न रागावतां प्रत्येक गोष्ट हळूहळू करून दाखविली. कालांतरानें त्यांची भूक परतली, झोंप परतली, आणि शेवटीं हंसूंही परतलें. भेदरलेलें मन नुसत्या उपदेशानें सांवरत नाहीं. रोज त्याच वेळीं, त्याच जागीं, त्याच माणसांकडून मिळणाऱ्या मायेनें आणि व्यवस्थेनें सांवरतें, हा धडा मारियांना त्या मठांत मिळाला.

१९०९ सालीं त्यांनीं आपल्या पद्धतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि थोड्याच वर्षांत तो अनेक भाषांत गेला. १९१३ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, तेव्हां तेथें त्यांचें मोठ्या थाटानें स्वागत झालें. परंतु त्या वर्षाची खरी घटना निराळी आहे. १९१२ सालच्या अखेरीस मारियांची आई निवर्तली. त्यानंतर लौकरच, शाळेंत शिकत असलेला पंधरा वर्षांचा मारियो, भेटावयास आलेल्या त्या बाईसमोर उभा राहिला, आणि तूं माझी आई आहेस हें मला कळलें आहे, मला घेऊन चल, अशा अर्थाचें बोलला, अशी हकीकत सांगतात. तेव्हांपासून मायलेंकरें एकत्र राहूं लागलीं. मात्र लोकांत त्याची ओळख पुतण्या किंवा दत्तक मुलगा म्हणूनच करून दिली जाई. पंधरा वर्षांचा वियोग संपला, तरी खरें नातें उघड बोलण्याची मुभा अजून मिळाली नव्हती.

पुढें १९१६ च्या सुमारास त्यांनीं स्पेनमधील बार्सेलोना येथें वास्तव्य केलें. तेथें लहान मुलांसाठीं त्यांच्या मापाचें एक प्रार्थनागृह झालें. बसावयाच्या खुर्च्या लहान, पवित्र पाण्याचें भांडें हाताला पुरेल असें, आणि मिस्सेसाठीं लागणारा गहूं व द्राक्षें मुलांनीं स्वतः पेरून वाढविलेलीं. चर्चमध्यें जगणाऱ्या मुलांविषयींचें त्यांचें पुस्तक १९२२ सालीं निघालें. तथापि आमच्या मंडळींतही त्यांजविषयीं एकमत नव्हतें. मुलाच्या स्वभावावर या बाई जो इतका विश्वास टाकतात, त्यांत मूळपापाच्या शिकवणुकीचा विसर पडतो, अशी शंका कांहीं कॅथलिक पंडितांनीं काढली. तिला उत्तर म्हणून इतकेंच सांगतां येईल, कीं मूल निष्पाप देवदूत आहे असें या बाईंचें म्हणणें नव्हतें. मोठ्या माणसानें आपल्या अधीरपणाला आणि अहंकाराला मुलाच्या सुधारणेचें नांव देऊं नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

त्यांच्या हातून चूक झालीच नाहीं, असेंही नव्हे. इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी यानें १९२४ पासून त्यांच्या शाळांना आश्रय दिला, आणि तो त्यांनीं स्वीकारला. बंधमुक्त मन आणि लष्करी कवायत यांचें फार काळ जमण्यासारखें नव्हतें. १९३४ पर्यंत त्यांचा संबंध तुटला आणि इटलींतील त्यांच्या शाळा बंद पडल्या. १९३६ सालीं स्पेनमध्यें यादवी युद्ध पेटलें, तेव्हां तेंही घर सोडून त्या हॉलंडांत आल्या.

१९३९ सालीं थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मारिया व मारियो मद्रासजवळच्या अड्यार येथें आले. शिक्षकांचा वर्ग चालविण्यासाठीं कांहीं महिने राहावयाचें, असा बेत होता. परंतु १९४० च्या जूनमध्यें इटली युद्धांत उतरली, आणि हिंदुस्थानांतील ब्रिटिश सरकारच्या दृष्टीनें हीं दोघें शत्रुराष्ट्राचीं माणसें ठरलीं. मारियोला आपल्या अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) छावणींत स्थानबद्ध करण्यांत आलें, आणि आईला अड्यारच्या आवाराबाहेर जाण्याची मनाई झाली. सत्तर वर्षांची वृद्धा पुन्हा एकदां आपल्या मुलावांचून राहिली. तिच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास व्हॉईसरॉयकडून निरोप आला. वाढदिवसाची भेट म्हणून तुमचा मुलगा तुम्हांस परत करीत आहों, असा त्याचा आशय होता. त्यांत पुतण्या हा शब्द नव्हता, दत्तक हा शब्दही नव्हता. बेचाळीस वर्षें जें नातें लपविण्यांत आलें, तें एका परक्या सरकारच्या कागदानें उघडपणें मान्य केलें.

हिंदुस्थानांतील हीं वर्षेंच आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचीं होत. तोंपर्यंत मारियांचें बहुतेक लक्ष तीन वर्षांवरील मुलांकडे होतें. येथें, अड्यारला आणि पुढें कोडाईकनालच्या डोंगरावर, त्या तान्ह्या बाळांकडे वळल्या. आमच्या बायाबापड्या बाळाला कडेवर किंवा पाठीशीं घेऊन बाजारांत, शेतांत, देवदर्शनाला नेतात. कोणी त्याला शिकवीत नाहीं, पण तें सर्व पाहतें, सर्व ऐकतें. युरोपांतील श्रीमंत घरचें मूल दाईच्या हवालीं, एका बंद खोलींत वाढतें. त्यापेक्षां या मुलाच्या मनाला खाद्य अधिक मिळतें, असें त्यांस दिसून आलें. या काळांत दिलेल्या व्याख्यानांवरूनच ग्रहणशील मनावरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९४९ सालीं मद्रासेंत छापला गेला.

त्या ग्रंथाचें सार आम्ही आमच्या शब्दांत सांगतों. मूल जन्मतें तेव्हां त्याच्या शरीराची घडण झालेली असते. मनाची घडण मात्र जन्मानंतर, उघड्या जगांत व्हावयाची असते. पहिल्या तीन वर्षांत तें जगाला पाठ करीत नाहीं, तर पिऊन टाकतें. मोठ्या माणसाला परकी भाषा शिकावयास व्याकरण, शिक्षक व वर्षांचे कष्ट लागतात. बाळ ती पाळण्यांतून ऐकतां ऐकतां आपलीशी करतें, आणि तिचा हेल मरेपर्यंत त्याच्या जिभेवरून जात नाहीं. शब्दांप्रमाणेंच घरांतील भांडण, घरांतील प्रार्थना, आईचा धीर आणि बापाचा संताप हींही तें पिऊन टाकतें.

दुसरी गोष्ट व्यवस्थेची. मारियांनीं सहा महिन्यांच्या एका मुलीचें उदाहरण दिलें आहे. घरीं आलेल्या एका पाहुण्या बाईनें आपली छत्री मेजावर ठेविली, आणि ती मुलगी रडूं लागली. छत्री हवी असेल म्हणून पाहुणीनें ती तिच्यापुढें धरली, तर ती अधिकच रडली. आईनें छत्री उचलून दुसऱ्या खोलींत नेली, आणि रडें थांबलें. मेजावर छत्रीची जागा नव्हती. एवढेंच त्या बाळाचें म्हणणें होतें. जें मूल अजून रांगत नाहीं, त्याच्याही मनांत वस्तूंच्या जागांचा नकाशा तयार झालेला असतो, आणि तो विस्कटला कीं त्याला भय वाटतें. आपण त्याला हट्ट म्हणतों.

तिसरी गोष्ट स्वतः करण्याची. दीड-दोन वर्षांचें मूल आपल्या शक्तीबाहेरचा तांब्या उचलतें, जिना चढतें आणि पुन्हा उतरतें, घास आपल्याच हातानें तोंडाकडे नेऊन निम्मा सांडतें. त्याला कोठें पोंचावयाचें नसतें. हात, पाय आणि इच्छा यांची सांगड तें घालीत असतें. आपण घाईनें त्याच्या हातून तांब्या काढून घेतों आणि त्याला मदत केली असें समजतों. तें जमिनीवर आडवें पडून आकांत करतें, तो आपल्या कामांत आणलेल्या अडथळ्याचा निषेध असतो.

मारियांच्या पश्चात् या विषयाचें ज्ञान पुष्कळ वाढलें आहे. ब्रिटिश वैद्य जॉन बोल्बी यांनीं १९५१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या अहवालांत, आईच्या किंवा तिच्या जागीं असलेल्या व्यक्तीच्या अखंड मायेवांचून वाढलेल्या बालकांचें मन कसें खुरटतें, हें मांडलें. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत एडवर्ड ट्रॉनिक यांनीं असा प्रयोग केला, कीं आईनें बाळाशीं खेळतां खेळतां दोन-तीन मिनिटें चेहरा निर्विकार ठेवावा. तेवढ्यांत तें कांहीं महिन्यांचें बाळ आधीं हंसून, मग हात पुढें करून तिला परत बोलावूं पाहतें, आणि शेवटीं मान फिरवून खिन्न होतें. १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅनडांतील संशोधनांत असें आढळलें, कीं सहा-आठ महिन्यांच्या बाळाला परक्या भाषेंतील सूक्ष्म उच्चारभेदही ओळखतां येतात, आणि वर्षाच्या सुमारास ती शक्ति ओसरून कान घरच्या भाषेला वाहिला जातो. अजाण म्हणविल्या जाणाऱ्या बाळाचें काम असें चाललेलें असतें. मात्र सर्वच बाबतींत मारियांचा शब्द अखेरचा ठरला नाहीं. मुलांचे लुटुपुटीचे खेळ व कल्पनेच्या कथा यांना त्यांनीं कमी लेखिलें. आजचे अभ्यासक त्या खेळांनाही मनाच्या वाढींत मानाचें स्थान देतात. आपल्या मुलींची भातुकली त्यांनीं थोडी अधिक पाहिली असती, तर बरें झालें असतें, असें आम्हांस वाटतें.

महाराष्ट्राशीं त्यांचा संबंध अहमदनगरच्या छावणीपुरताच नव्हता. गुजराथेंत गिजुभाई बधेका यांनीं व त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं माँटेसरी पद्धतीचा आधीच स्वीकार करून १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. ताराबाईंनीं पुढें १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें, आणि नंतर कोसबाडच्या टेंकडीवर, आदिवासींच्या अंगणांत बालवाडी नेली. महागडीं लांकडी साधनें तेथें परवडणारीं नव्हतीं. त्यांच्या जागीं शंख, शिंपले, चिंचोके, पानें आणि खडे आले. सान लोरेंत्सोच्या मजुरांच्या मुलांसाठीं जें सुरू झालें, तें पुष्कळ ठिकाणीं श्रीमंतांच्या शाळांत जाऊन बसलें होतें. ताराबाईंनीं आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनीं तें पुन्हा गरिबाच्या दारांत आणून ठेविलें.

१९४६ सालीं मारिया युरोपांत परतल्या, पुन्हा एकदां हिंदुस्थानांत येऊन वर्ग चालविले, आणि १९४९ नंतर हॉलंडांतच राहिल्या. तान्ह्या मुलांची जोपासना करणाऱ्या सेविकांच्या शिक्षणासाठीं १९४७ सालीं रोममध्यें त्यांच्या विचारांवर शाळा निघाली. १९५२ सालच्या मे महिन्याच्या ६ तारखेस हॉलंडांतील नोर्डवाइक या समुद्रकांठच्या गांवीं त्यांनीं देह ठेविला, आणि तेथल्याच कॅथलिक स्मशानभूमींत त्यांना मूठमाती देण्यांत आली. मृत्युपत्रांत त्यांनीं मारियोला आपला मुलगा म्हटलें. आईचें कार्य त्यानें १९८२ सालीं मृत्यु येईपर्यंत चालविलें.

असो. हें चरित्र आम्हीं येथें कां सांगितलें, तें आतां स्पष्ट करतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं, आम्ही नुकतेच धर्मगुरु झालों असतां, एक तरुण मुलगी आपलें बाळ घेऊन ज्ञानस्नानासाठीं आली होती. बापाच्या नांवाची जागा कोरी ठेवावी लागणार होती. आम्हीं नाहीं म्हटलें नाहीं. परंतु तिला पुष्कळ वेळ ताटकळत ठेविलें, चार लोकांसमोर कठोर शब्द बोललों, आणि विधि लगबगीनें उरकला. ती निघून गेली ती पुन्हा मंदिरांत दिसली नाहीं. तें मूल त्या वेळीं तिच्या खांद्यावरून आमच्याकडे टक लावून पाहत होतें. त्याला काय कळतें, असें आम्हीं तेव्हां मनाशीं म्हटलें होतें. आतां आम्हांस भय वाटतें, कीं त्याला आईच्या हातांचा कांप कळला असेल, आमचा आवाज कळला असेल.

बाळें घेऊन येणाऱ्यांना शिष्यांनीं दटावलें, तेव्हां प्रभु येशू शिष्यांवर रागावला. मुलांवर नव्हे, त्यांच्या आयांवरही नव्हे. मिस्सा चालू असतां मागच्या बांकावर बाळ रडूं लागतें, आणि पुढच्या सर्व माना वळून त्या आईकडे पाहतात. तेव्हां ती पदर सांवरीत बाहेर उन्हांत जाऊन उभी राहते. आपल्या ज्युबिलीच्या वर्षांत आम्ही एवढेंच मागतों, कीं त्या माना वळूं नयेत. मागच्या भिंतीजवळ दोन चटया, एक पाळणा व पाण्याचा एक माठ ठेवण्याची व्यवस्था आम्हीं या महिन्यापासून केली आहे. नोंदवहींत ज्या बाळाच्या बापाच्या नांवाची जागा कोरी राहील, त्याच्याही आईला इतरांप्रमाणेंच पुढच्या बांकावर बसवूं. पंधरा वर्षें एका आईला आपल्या मुलाच्या दारांत पाहुणी म्हणून उभें राहावें लागलें. तशी पाळी आपल्या धर्मग्रामांतील कोणत्याही आईवर येऊं नये, आणि आलीच तर ती आपल्यामुळें येऊं नये, हीच परमेश्वराचरणीं प्रार्थना.